आठवी मात्रा

ज्या वर्षी धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं, मोडलं आणि सहा आठवड्यांनी त्याच माणसाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या घरात अजूनही सगळा काळ त्यावरूनच मोजतात. गच्चीची गळती लग्न मोडायच्या आधीची, न्हाणीघरातला नवा नळ लग्न परत ठरल्यानंतरचा. वडिलांच्या छातीचं दुखणं मात्र नेमकं मधल्या सहा आठवड्यांत निघालं, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं धड लक्ष गेलं नाही.

ही नणंद ज्यांची आणि त्यांच्याकडेच राहणारे हे वडील ज्यांचे, त्या बाईंना सगळं गाव 'शंभर टक्के बाई' म्हणून ओळखत होतं. संगीताच्या थिअरीचा क्लास होता त्यांचा, घराच्या पुढच्या खोलीत. दारावरच्या पाटीवर बाईंचं नाव बारीक आणि शंभर टक्के हे आकडे हातभर. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही विद्यार्थी नापास झाला नव्हता. त्यांच्या शिकवण्याने एकही विद्यार्थी गाता-वाजवता झाला नव्हता हेही तितकंच खरं, पण ते पाटीवर लिहायची पद्धत नाही.

क्लासमध्ये पियानो होता. चांगला, जड, पितळी पायांचा. त्याच्या झाकणावर जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, त्यावर तपासायच्या वह्या, वह्यांवर खडूचा डबा आणि डब्यावर एक निवडुंगाची कुंडी. एखादं नवं पोर कुतूहलाने झाकणाला हात लावायला गेलं की बाई म्हणत, "हात नको लावूस. परीक्षा तोंडावर आली आहे." परीक्षा वर्षातून दोनदा असे, म्हणजे ती बारा महिने तोंडावरच असे.

पेपर शंभर मार्कांचा. त्यातले दहा कानाचे. परीक्षक पडद्यामागे काहीतरी वाजवायचा आणि मुलांनी ऐकून लिहायचं. बाई पहिल्याच दिवशी सांगून टाकत, "ते दहा सोडून द्या. ऐकण्यात फार वेळ जातो. उरलेल्या नव्वदात आपलं कोणी काही वाकडं करू शकत नाही." हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. आठही परीक्षा त्यांनी तशाच दिल्या होत्या आणि आठही वेळा नव्वद मार्क मिळवले होते. आठ सर्टिफिकेटं भिंतीवर एका ओळीत टांगलेली होती. त्यांनी लिहिलेल्या 'हमखास थिअरी' या गाइडच्या अकरा आवृत्त्या निघाल्या होत्या, आणि बारावी छपाईला गेली होती.

गाइड जिथे छापायचं त्याच छापखान्यात वडिलांनी छत्तीस वर्षं मोठं मशीन चालवलं होतं. उलट्या अक्षरांची पानंच्या पानं ते झरझर वाचत, पण पाच रेघांवरचे सुरांचे ठिपके त्यांच्या लेखी माश्यांची घाण. खिशात मात्र कायम एक माऊथ ऑर्गन. मशीन चालू असताना, जेवणाच्या सुट्टीत, घरी जाताना, सतत ओठाला लावलेला. त्यावर ते इतरांच्या पुष्कळ चाली वाजवत आणि स्वतःची एक. तिला नाव नव्हतं. घरात तिला 'बाबांचं ते' म्हणत.

डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "फुंकायचं काही असेल तर ते आता बंद." मग बाईंना बाजूला घेऊन, वर्ष निघालं तरी खूप, असंही म्हणाले. माऊथ ऑर्गन रुमालात गुंडाळून कपाटात गेला. तिसऱ्या दिवशी वडिलांनी मागच्या खोलीतून हाक मारली.

"बाई, जरा इकडे ये."

क्लास निघाल्यापासून तेही लेकीला बाईच म्हणत. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, याचा हिशेब बाईंना कधी लागला नव्हता.

"माझं ते लिहून घे."

"काय ते?"

"ते गं. माझं. आता वाजवता येत नाही. थोडं गुणगुणता येतं, तेही दिवसातून दोन-तीनदा. आहे तोवर घे. डोक्यातच राहिलं तर माझ्याबरोबर जाईल."

"असं अभद्र बोलू नका हो बाबा."

"बरं, नाही बोलत. लिहून घे."

बाई पाच रेघांचा कोरा कागद आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली घेऊन बसल्या. मनातून त्यांना बरंच वाटलं होतं. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचलेल्या माणसाला शेवटी लेकीच्या विद्येची गरज पडली होती. वडिलांनी डोळे मिटून गुणगुणायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि खोकल्याची उबळ आली. पाणी, पाठीवर हात, मग पुन्हा दोन ओळी.

"थांबा, थांबा. इथे एक मात्रा कमी पडते आहे."

"पडू दे."

"पडू दे काय? हे बघा, दोन उभ्या रेघांमध्ये हा एक खण. पहिल्या खणात चार मात्रा, मग दुसऱ्यातही चारच हव्यात. तुमच्या तीनच येतात. अर्धा मार्क जातो याला."

"कोणाचा?"

बाईंनी पेन्सिल पुढच्या खणावर नेली. त्यांनी पुढचं ऐकलं. प्रत्येक दुसऱ्या खणात तेच, चार आणि मग तीन. आणि शेवट तर शेवटच नव्हता, चाल मध्येच कुठेतरी अधांतरी सोडून दिलेली.

"आणि हे घरी का येत नाही? शेवटी मूळ सुरावर यायचं असतं. तिसऱ्या परीक्षेला आहे हे."

"नाही येत ते," वडील म्हणाले आणि पुन्हा खोकू लागले.

तो खोकला पाहून बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. श्वासच पुरत नाही बिचाऱ्यांना. दमतात, म्हणून प्रत्येक दुसऱ्या खणातली शेवटची मात्रा गिळतात, आणि शेवटाला पोचेपर्यंत तर दमच संपतो. चाळीस वर्षं, म्हणजे वडिलांची छाती लोहाराच्या भात्यासारखी होती तेव्हापासून, ही चाल बाईंच्या कानांवर पडत होती. तेव्हा ती कशी होती हे आठवून पाहावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. ऐकणं हे दहा मार्कांचं काम, ते त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

आठवडाभर वडील रोज थोडं थोडं गुणगुणत राहिले. बाईंनी मोठ्या मायेने जिथे जिथे सातावर अडत होतं तिथे तिथे आठवी मात्रा घातली आणि शेवटी दोन खण पदरचे जोडून चाल नीट मूळ सुरावर आणून टेकवली. मग लाल पेन घेऊन स्वतःच स्वतःचा कागद तपासला. एकही चूक नव्हती.

नणंदेने तो कागद पाहिला आणि ती उडालीच. "वहिनी, माझ्या लग्नात हेच वाजवा ना! तसाही त्या बँडवाल्याने ऐनवेळी खो घातलाय. मागच्या वेळचा रुसलाय मेला. म्हणतो, आधी नक्की काय ते ठरवा, मग बोलवा."

"अगं, पण हे त्यांचं साधंच..."

"असू दे हो. घरचं आहे. आणि तुमच्याकडे वाजवणारे आहेतच की शंभर टक्के."

वाजवणारे तिघे निघाले. बाईंच्या क्लासचे सुवर्णपदकवाले. एका मुलीकडे व्हायोलिन, एकाकडे बासरी, एकाकडे कीबोर्ड. तिघांनीही ती वाद्यं दुसरीकडे कुठेतरी, बाईंना न कळवता शिकलेली. हॉलमध्ये पुढच्या रांगेत, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन वडील बसले होते. चाल सुरू झाली. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. कवायतीसारखी ठाकठीक चालत ती शेवटाला आली, मूळ सुरावर टेकली आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

वडिलांनीही वाजवल्या. मग शेजारी वाकून त्यांनी नवऱ्यामुलाच्या काकांना विचारलं, "छान आहे. कोणाचं आहे?"

काका हसले. मागची रांग हसली. "वय झालंय," कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं.

"अहो, तुमचंच आहे ते!" नणंद बोहल्यावरून ओरडली.

वडिलांनी वळून लेकीकडे पाहिलं. थट्टा नव्हती त्या नजरेत, हेच वाईट. "माझं नाही," ते म्हणाले. "माझं असं चालत नाही. हे नवे बूट घालून चालणाऱ्या माणसाचं दिसतंय."

बाईंचा चेहरा भर हॉलमध्ये खाडकन उतरला. घरी आल्यावर त्यांनी साडी बदलायच्याही आधी वडिलांची खोली गाठली.

"सगळ्यांसमोर शोभा केलीत माझी. मी नियमाप्रमाणे केलं होतं."

"हो."

"चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या."

"हो."

"मग?"

"मग काय? झालं की तुझं," वडील म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर अकरा दिवस ते गुणगुणले नाहीत. आधी बाई फुरंगटून बसल्या, मग त्यांनी लक्ष नसल्याचं दाखवलं, आणि आठव्या-नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता महिने मोजायला नकोत, तेव्हा त्यांनी तो कागद पुन्हा काढून पाहिला. कागदावर जे होतं ते बाबांचं नव्हतं. बाबांचं जे होतं ते जगात फक्त एका जागी होतं, आणि त्या जागेत दिवसागणिक हवा कमी होत होती. इतके दिवस त्यांनी जो श्वास खर्च केला, तो आपण खण भरण्यात घालवला. आता काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच पेपरात आलेला नसल्यामुळे त्याचं उत्तर बाईंना येत नव्हतं.

बाराव्या दिवशी छापखान्यातून निरोप आला, की नव्या आवृत्तीची पानं बघून जा. बाई गेल्या. एकोणीस वर्षं त्या तिथे जात होत्या आणि एकोणीस वर्षं मालकांच्या काचेच्या केबिनमध्ये, दार लावून बसत होत्या, कारण बाहेर आवाज फार. त्या दिवशी केबिनला रंग देत होते. मालकांनी त्यांना मोठ्या मशीनशेजारी, कागदाच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि स्वतः पानं शोधायला गेले.

मशीन चालू होतं. धड धड धड खट, धड धड खट. धड धड धड खट, धड धड खट. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. आवाजाची सवय नव्हती. थोड्या वेळाने त्यांचा पाय आपोआप ठेका धरू लागला, आणि दर वेळी आठव्या मात्रेला तो हवेत लोंबकळत राहू लागला, कारण तोवर मशीन पुढच्या फेरीला लागलेलं असे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बाईंनी पाय खाली ठेवला आणि बोटांवर मोजलं. चार आणि तीन. पुन्हा मोजलं. चार आणि तीन.

मशीनवरचा माणूस वडिलांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याचेही केस पिकले होते.

"हे मध्येच अडखळतं का हो?" बाईंनी ओरडून विचारलं.

"अडखळत नाही ताई. चाकाचा एक दात मोडलाय. तिथे आलं की घसरून पुढच्या फेरीत जातं. तुमच्या बाबांच्याही आधीपासून."

"दुरुस्त नाही केलं कोणी?"

"मोठे मालक म्हणायचे, छापतंय ना? धाकटे मालकही म्हणतात, छापतंय ना?"

"आणि हे थांबतं कुठे?"

"कुठेही." त्याने असं पाहिलं, की मास्तरीणबाई असून हे कसं कळत नाही. "कागद संपला की थांबतं. नवा कागद लावला की परत पहिल्यापासून."

मशीनमधून ताजं पान बाहेर पडलं आणि बाईंच्या पुढ्यात आलं. हमखास थिअरी, पान एक्केचाळीस. 'प्रत्येक खणातील मात्रा समान असाव्यात. कमी आढळल्यास चूक समजून दुरुस्त करावी.' धड धड धड खट, धड धड खट. अकरा आवृत्त्यांतलं हे वाक्य याच चालीवर छापून निघालं होतं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. त्या गोंगाटात कोणाला काही ऐकू जाणार नव्हतं. आठही परीक्षा पास झालेल्या बाईंनी तोंड उघडून, मशीनबरोबर, वडिलांची चाल म्हटली. सूर इकडचे तिकडे गेले, पण पावलं बरोबर पडली. एकही मात्रा कोणी गिळत नव्हतं. श्वास पुरेपूर होता. चाकाला दात नव्हता, एवढंच.

पानं न बघताच त्या घरी आल्या. चपला पायात तशाच.

"बाबा, दात."

भिंतीकडचं तोंड वळलं. "काय?"

"चाकाचा दात. मी बसवला."

वडिलांनी लेकीकडे पाहिलं आणि ते हसू लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू. बाईंनी पाणी पाजलं. "छत्तीस वर्षं मालकाच्या मागे लागलो," ते डोळे पुसत म्हणाले, "नाही बसवला. तू आठवड्यात बसवलास. हुशार आहेस."

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं की. पडू दे म्हटलं."

बाई कागद आणायला उठल्या.

"ते ठेव," वडील म्हणाले. "आधी म्हण."

"मी?"

"मग काय डॉक्टर म्हणेल?"

बाईंनी म्हटलं. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला, "नापास."

हा शब्द त्या घरात एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच उच्चारला गेला. पुढचे पाच आठवडे तो रोज उच्चारला गेला. सकाळी चहा झाला की बाई मागच्या खोलीत जाऊन बसत. वडील एक ओळ गुणगुणत, बाई ती दहा वेळा म्हणत. डाव्या हाताने बाजेच्या कडेवर मशीन चालवायचं, तोंडाने चाल. हात चुकला की नापास, तोंड चुकलं की नापास, दोन्ही बरोबर आलं आणि बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं की, "हं, हसण्याचे मार्क नाहीत."

नणंद माहेरी आली तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकत होती. "वहिनी," ती म्हणाली, "सकाळी घरात मांजर कोंडता का?"

"तू आपलं लग्न सांभाळ," बाई म्हणाल्या. "यावेळी टिकतंय तोवर."

एकदा चाल जिथे एकदम वर उडी घेते तिथे बाई पुन्हा पुन्हा घसरत होत्या. वडिलांनी पडल्या पडल्या हात वर केला, काहीतरी रुंद आणि हलकं उचलल्यासारखा. "इथे कागद उचलायचा असतो," ते म्हणाले. "दोन्ही कोपरे धरून. म्हणून सूर चढतो. उगाच नाही चढत." बाईंनी हात वर केला आणि सूर बरोबर गेला.

"याला नाव आहे," त्या न राहवून म्हणाल्या.

"कशाला?"

"या उडीला. चार सुरांची चढती उडी. मोजून चार. सहाव्या परीक्षेला विचारतात." मुलांकडून ते नाव त्यांनी हजार वेळा लिहून घेतलं होतं. उडी मात्र आजच पाहिली होती.

"असं?" वडील मनापासून खूश झाले. "आणि मग खाली उतरतं त्याला?"

"त्यालाही आहे."

"सांग."

बाई सांगत गेल्या. इथे हा सूर त्या सुराला ओढतो, म्हणून पुढे जावंसं वाटतं. इथे टेकायला जागा नाही, म्हणून परत पहिल्यापासून म्हणावंसं वाटतं. सगळं त्यांच्याच गाइडमधलं होतं, पान आणि ओळ पाठ होती. फक्त ते कशाबद्दल लिहिलं आहे हे त्यांना नुकतंच कळत होतं. वडील लहान मुलासारखे ऐकत होते. "बघ," ते म्हणाले, "छत्तीस वर्षं करत होतो आणि मला माहीतच नव्हतं. चांगलं शिकवतेस की तू."

पाच आठवड्यांनंतर त्यांना गुणगुणणंही जमेना. ते फक्त बोटाने बाजेची कड वाजवत. एक सकाळ अशी आली, की बाईंनी पहिल्यापासून चाल म्हटली, वडिलांच्या बोटाने मशीन चालवलं, आणि चाल जिथे अधांतरी सुटते तिथे दोघंही एकाच क्षणी थांबली.

"पास," वडील म्हणाले. जरा विचार करून म्हणाले, "काठावर."

मग बाईंनी कागद घेतला. चार आणि तीन, चार आणि तीन. चुकीचं, अर्धा मार्क जाणारं, जसं होतं तसं. पदरचे दोन खण काढले आणि शेवटी मागे वळणारा बाण काढून खाली लिहिलं, 'कागद संपेपर्यंत.' वडिलांना म्हणून दाखवलं. त्यांनी तो कागद उलटा धरून पाहिला, सवयीने, आणि उशीखाली ठेवला.

पुढच्या वर्षी बाईंनी पियानोवरचे गठ्ठे उतरवले, निवडुंग खिडकीत ठेवला आणि मुलांना कान उघडायला लावले. पालक भेटायला आले. "बाई, ऐकून मार्क वाढतात का?" त्यांनी विचारलं. बाई खरं बोलल्या. निम्मे विद्यार्थी पलीकडच्या गल्लीत गेले, तिथे त्यांच्याच एका सुवर्णपदकवाल्या विद्यार्थिनीने त्यांच्याच गाइडवर क्लास काढला होता. उरलेल्यांचा निकाल त्र्याण्णव टक्के लागला. पाटी रंगवणारा म्हणाला, की शंभरच्या जागेत त्र्याण्णव सहज बसेल, उलट थोडी जागा उरेल. बाईंनी पाटीच काढून टाकली. त्या दोन खिळ्यांवर आता मुलं दप्तरं अडकवतात.

छापखान्यातल्या त्या चाकाला अजून दात बसलेला नाही.

वडील आदल्याच वर्षी, नणंदेच्या लग्नानंतर चार महिन्यांनी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता वारले.